एच. पायलोरी: एका घरात चार उत्तरं

माझं दुखणं रात्रीचं होतं. दीड-दोनच्या सुमारास बरगड्यांच्या खाली, बरोबर मधोमध, आतून कुणी कुरतडत असल्यासारखं दुखायला लागायचं आणि जाग यायची. दोन बिस्किटं खाऊन पाणी प्यायलं की हळूहळू थांबायचं. दिवसा शाळेत तास घेताना त्याची आठवणही नसायची. उपाशीपोटी दुखतं आणि काही खाल्लं की थांबतं, ही गोष्ट पुढे डॉक्टरांना फार उपयोगी पडली, म्हणून आधीच लिहून ठेवते.

नागपुरात पोट दुखतं म्हटलं की कारण सांगायला डॉक्टर लागत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये एकमताने ठरलं की सावजी बंद करा, सकाळचे तर्री-पोहे बंद करा. संत्र्यांचे दिवस होते, तर संत्रीही बंद करायला सांगितली. सासूबाईंचं निदान वेगळं होतं. "रात्री बारा-बारापर्यंत पेपर तपासून राहिली तू, पित्त नाही होईन तर काय होईन वं?" मानेवाड्याच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल, म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी, लिहून दिली. गोळी चालू असली की बरं वाटे, बंद केली की काही दिवसांत पुन्हा तेच. हिवाळा असाच गेला.

मार्चमध्ये शाळेचा जिना चढताना धाप लागायला लागली. मग एका सकाळी शौचाला काळं झालं, चिकट आणि वेगळ्याच वासाचं. मी लोहाच्या गोळ्या घेत नव्हते, त्यामुळे दुसरं कारण शोधायचं कारण नव्हतं. वरच्या आतड्यात कुठे रक्त गेलं की ते पचत पचत खाली येताना असं काळं होतं. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला मला कळकळीने सांगायचं आहे: असं दिसलं तर उद्यावर टाकू नका. मी त्याच दिवशी गेले. हिमोग्लोबिन नऊच्या खाली आलं होतं.

रामदासपेठ आणि धंतोली हा सगळा पट्टाच दवाखान्यांचा. तिथल्या पोटविकारतज्ज्ञांनी आधी वेदनाशामक गोळ्यांची चौकशी केली. गुडघ्यासाठी, डोक्यासाठी काही घेता का, ॲस्पिरिन आहे का, असं फिरवून फिरवून विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग दुर्बीण टाकून बघू. मला एका जंतूचा संशय आहे."

दुर्बिणीची भीती खूप जणांना असते, म्हणून सविस्तर लिहिते. सहा ते आठ तास पोट रिकामं हवं. घशात बधिर करणारा कडवट फवारा मारतात. थोड्या वेळाने जीभ जाड झाल्यासारखी वाटते आणि थुंकी गिळतोय की नाही ते कळत नाही. डाव्या कुशीवर झोपवतात, दातांमध्ये एक प्लॅस्टिकचं कडं देतात. झोपेचं इंजेक्शन हवं का, असं विचारलं होतं. मी नको म्हटलं, कारण मला पडदा बघायचा होता. नळी घशातून उतरताना दोन-तीनदा जोराची उबळ येते, डोळ्यांतून पाणी येतं. सिस्टर पाठीवर हात ठेवून "नाकाने श्वास घ्या ताई, नाकाने" म्हणत होत्या, आणि खरंच नाकाने श्वास घेतला की उबळ ओसरते. नंतर पोटात हवा भरल्याचा फुगीरपणा तेवढा जाणवतो, दुखत नाही. पाच-सात मिनिटांचं काम.

पडद्यावर माझं जठर गुलाबी, ओलं, वळ्यावळ्यांचं दिसत होतं. खालच्या तोंडाकडे लाली होती. ते तोंड ओलांडून नळी ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात गेली, आणि तिथे तळाशी पांढुरका असलेला अल्सर होता. रक्त थांबलेलं होतं, त्यामुळे भरती व्हावं लागलं नाही. परत येताना चिमट्याने जठराच्या अस्तराचे बारीक तुकडे घेतले. त्यातला एक सिस्टरांनी माझ्यासमोर एका छोट्या पट्टीतल्या पिवळ्या जेलमध्ये टोचून ठेवला. मी तोंड पुसून उठून बसेपर्यंत त्या पिवळ्यात गुलाबी रंग पसरायला लागला होता.

तो रंग म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी, थोडक्यात एच. पायलोरी, हा जंतू. जठरातल्या आम्लात बहुतेक जंतू टिकत नाहीत. हा टिकतो, कारण त्याच्याजवळ युरिएज नावाचं विकर भरपूर असतं. ते युरियाचं विघटन करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. अमोनिया अल्कधर्मी, त्यामुळे जंतूच्या भोवतीचं आम्ल तेवढ्यापुरतं मरतं. मग आपल्या पिळदार शरीराने आणि शेपट्यांनी तो जठराच्या चिकट श्लेष्मात शिरतो आणि तिथेच राहतो. पट्टीतल्या जेलमध्ये युरिया असतो. तुकड्यात जंतू असला की अमोनिया तयार होतो आणि रंग बदलतो. डॉक्टरांनी हेही सांगितलं की पॅन्टोप्राझोलसारखी गोळी चालू असताना किंवा रक्तस्राव झालेला असताना ही तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणूनच उरलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पाठवले. तिथेही तोच निघाला.

सावजीची आणि माझ्या जागरणांची यातून सुटका झाली. खरं तर १९८० च्या आसपास सगळं जग आमच्या स्टाफरूमसारखंच बोलत होतं: अल्सर म्हणजे तिखट, काळजी आणि आम्ल. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे रॉबिन वॉरन हे विकृतिशास्त्रज्ञ जठराच्या तुकड्यांत हे वाकडे जंतू पुन्हा पुन्हा बघत होते. बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरने त्यांच्याबरोबर ते वाढवायचा प्रयत्न चालवला, पण बशा दोन दिवसांत रिकाम्या म्हणून टाकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या लांब सुट्टीत बशा तशाच उबवणीत राहिल्या आणि जंतू उगवले. त्याला वाढायला फक्त जास्त वेळ हवा होता. तरी हा जंतू अल्सर करतो हे कुणी मानेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतः तो जंतू पिऊन घेतला. काही दिवसांत त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या, आणि दुर्बिणीत जठराला सूज दिसली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. मी हे कित्येक वर्षं वर्गात सांगत आले आहे. आपल्याच पोटातून काढलेला तुकडा रंग बदलताना बघितल्यावर त्या माणसाबद्दल मला वेगळीच कृतज्ञता वाटली.

डॉक्टरांना मी विचारलं की हा आला कुठून. म्हणाले, बहुधा लहानपणीच. एका घरातून दुसऱ्या पिढीत, आईकडून मुलाला, भावंडांत, लाळेतून, उलटीतून, अस्वच्छ हातांतून असा तो जातो. महालातल्या आमच्या वाड्यात आम्ही चुलत-मावस भावंडं एका ताटात जेवायचो, एका रांगेत झोपायचो, आजी धाकट्यांना घास चावून मऊ करून भरवायची. मग आमच्यातला कोण सुटला असेल? आणि सगळ्यांच्या पोटात असेल, तर अल्सर मलाच का?

या प्रश्नावर डॉक्टरांनी कागद उलटा केला आणि जठर काढलं. ते चित्र मी जपून ठेवलं आहे. जगातल्या निम्म्याच्या आसपास माणसांच्या जठरात हा जंतू असतो. त्यातल्या शंभरातल्या १० ते २० जणांना आयुष्यात कधीतरी अल्सर होतो, एक-दोघांना जठराचा कर्करोग. बाकीच्यांच्या जठराला बारीक सूज असते, पण त्यांना ती कधी कळतही नाही. जंतू जठराच्या खालच्या भागात जास्त पसरला तर आम्ल वाढतं, आणि ते पुढे सांडून ड्युओडेनममध्ये अल्सर करतं. माझं तसं झालं. तोच जंतू वरच्या मोठ्या भागात पसरला तर आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथीच सुकत जातात, आम्ल कमी होतं, आणि कर्करोगाचा धोका त्या वाटेने येतो. म्हणूनच ड्युओडेनमचा अल्सर झालेल्यांना जठराचा कर्करोग उलट कमी होताना दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच या जंतूला कर्करोगकारक ठरवलं आहे. पण भारतात संसर्ग इतका पसरलेला असूनही हा कर्करोग त्या मानाने कमी आहे. मिझोराममध्ये मात्र त्याचं प्रमाण फार जास्त. जंतूचे वाण, खाणं, तंबाखू, सगळ्यांचा हिशेब त्यात येतो.

आणि मग ते म्हणाले, "मॅडम, याच कमी आम्लाची दुसरी बाजू ऐका." आम्ल कमी असलं की ते अन्ननलिकेत वर येऊन जाळत नाही. ज्यांच्या पोटात हा जंतू आहे, विशेषतः त्याचा आक्रमक वाण आहे, त्यांच्यात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा एका प्रकारचा कर्करोग कमी आढळतो. लहान मुलांतला दमाही कमी आढळतो. अमेरिकेत मार्टिन ब्लेझर हे संशोधक, ज्यांनी आधी याच जंतूचे दुष्परिणाम अभ्यासले होते, पुढे हीच बाजू मांडत राहिले: हजारो पिढ्या आपल्याबरोबर असलेला हा सोबती, एका शतकात जगाच्या श्रीमंत भागातून नाहीसा होतो आहे, त्याचे परिणाम तपासा. झुरिकमध्ये उंदरांच्या पिल्लांना लहानपणी हा संसर्ग दिला, तर पुढे त्यांना दम्यापासून संरक्षण मिळालं. प्रतिकारशक्तीला शांत ठेवणाऱ्या पेशी वाढल्या होत्या. माणसांत मात्र फक्त नातं दिसतं, एकामुळे दुसरं होतं हे सिद्ध झालेलं नाही, आणि सगळे अभ्यास एकमुखाने बोलतही नाहीत. हा फरक डॉक्टरांनी दोनदा अधोरेखित केला.

सोबत किती जुनी? आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेला ओट्झी नावाचा हिममानव सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या जठरातून २०१६ मध्ये याच जंतूचा जनुकसंच मिळाला. तो जंतू आजच्या युरोपातल्या जंतूंपेक्षा मध्य आणि दक्षिण आशियातल्या, म्हणजे आपल्याकडच्या जंतूंच्या जास्त जवळचा निघाला. माणूस आफ्रिकेतून बाहेर पडला तेव्हा तो आपल्या पोटातून बरोबर निघाला होता, हे त्याच्या जनुकांवरून कळतं.

नववीच्या विज्ञानात सूक्ष्मजीव शिकवताना मी फळ्यावर मधोमध रेघ ओढून उपयुक्त आणि उपद्रवी असे दोन रकाने करते. यंदा एच. पायलोरी मी रेघेवरच लिहिला, आणि तास संपेपर्यंत वर्ग त्याच्यावरच भांडला. मला तो तास फार आवडला.

पण माझ्यापुरता निर्णय स्पष्ट होता. अल्सर आहे, रक्त गेलं आहे, तर जंतू काढायचाच. नुसती आम्लाची गोळी घेऊन अल्सर भरतो, जंतू राहिला की परत येतो. जंतू गेला की बहुतेकांचा परत येत नाही.

औषधं दोन आठवड्यांची. पूर्वी क्लॅरिथ्रोमायसिन असलेला तीन औषधांचा कोर्स सर्रास देत. पण खोकल्या-तापासाठी ही प्रतिजैविकं इतकी वापरली गेली आहेत की आपल्याकडचे जंतू त्यांना दाद देईनासे झाले आहेत. म्हणून मला बिस्मथ, टेट्रासायक्लीन, मेट्रोनिडाझोल आणि आम्लाची गोळी असा चौघांचा कोर्स मिळाला. दिवसाला १३ गोळ्या. परीक्षा संपल्या होत्या म्हणून निभावलं, शाळा चालू असती तर मधल्या सुट्टीचं वेळापत्रक गोळ्यांभोवती लावावं लागलं असतं.

काही गोष्टी आधी सांगितलेल्या असल्या की घाबरायला होत नाही, म्हणून त्या इथे मांडते. बिस्मथने जीभ काळी होते आणि शौचालाही काळं होतं. ते रक्त नव्हे. मेट्रोनिडाझोलने दिवसभर तोंडात धातूची कडू चव राहते, वरण-भातही नकोसा होतो, आणि कोर्सभर दारू पूर्ण वर्ज्य. टेट्रासायक्लीन दुधा-दह्याबरोबर, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतलं तर अंगाला लागत नाही, म्हणून माझ्या लोहाच्या गोळ्या कोर्स संपेपर्यंत थांबवल्या आणि ताक दोन गोळ्यांच्या मधल्या वेळेत आलं. ती गोळी भरपूर पाण्याबरोबर आणि बसून घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. शिवाय तिने त्वचा उन्हाला हळवी होते. नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळिसाच्या घरात. स्कूटीवर स्कार्फ बांधायची सवय इथल्या सगळ्या बायकांना असतेच, पण मी दुपारी बाहेर पडणंच बंद केलं आणि कूलरसमोर पडून राहिले.

दुसऱ्या आठवड्यात मळमळ आणि पातळ शौचाने जीव नकोसा झाला. दुखणं तर कधीच थांबलं होतं, मग बास करू का, असं मी फोनवर विचारलं. डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदा चढला. अर्धा कोर्स म्हणजे उरलेले जंतू जास्त चिवट, आणि पुढच्या वेळी औषधं कमी. मी पूर्ण केला.

गेला की नाही, हे तपासल्याशिवाय हा विषय संपत नाही, आणि नेमकं हेच खूप जण सोडून देतात. प्रतिजैविकं संपल्यावर किमान चार आठवडे आणि आम्लाची गोळी बंद करून दोन आठवडे थांबावं लागतं, नाहीतर दबून बसलेला जंतू दिसत नाही. अल्सर भरण्यासाठी माझी आम्लाची गोळी काही काळ पुढे चालू होती, त्यामुळे तपासणी पावसाळ्यात झाली. सकाळी उपाशीपोटी एका पिशवीत फुंकायचं, मग कार्बन-१३ ची खूण असलेला युरिया पाण्यातून प्यायचा, अर्ध्या तासाने दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि खुणेचा कार्बन श्वासातून बाहेर येतो. यात किरणोत्सर्ग नसतो. ही सोय जवळ नसेल तर शौचाच्या नमुन्यातूनही तपासता येतं. माझी निगेटिव्ह आली, हिमोग्लोबिनही बाराच्या वर गेलं होतं.

मग घरात प्रश्न उभा राहिला: सगळ्यांचीच टेस्ट करून टाकायची का? ह्यांचं मत होतं, करून टाकू, एकदाचं घर स्वच्छ. मला ते पटत नव्हतं, म्हणून आम्ही दोघंही डॉक्टरांकडे जाऊन बसलो. ते म्हणाले, "मोठ्या माणसात एकदा सापडला की आम्ही साधारण औषध देतोच. म्हणून शोधण्याआधी विचार करायचा."

सासूबाई ७८ वर्षांच्या. भूक चांगली, पोटाची तक्रार नाही, हृदयाच्या आणि साखरेच्या गोळ्या आधीच भरपूर. त्यांच्यासाठी शोधायची गरज नाही, दिवसाला आणखी १३ गोळ्यांचा त्रास मात्र नक्की. सासूबाईंनी ऐकून एवढंच म्हटलं, "इतकी वर्षं राहून राहिला, तर राहू द्या बाप्पा."

लेक अकरा वर्षांची, तिला दम्याचा पंप आहे. जंतूने दमा रोखला जातो म्हणावं, तर तिच्यात तो आहे की नाही तेच माहीत नाही. पण तिच्याबाबतीत उत्तर त्या वादावर अवलंबून नव्हतं. मुलांमध्ये अल्सर किंवा तसंच ठोस कारण नसेल, तर नुसता हा जंतू शोधायला तपासणी करू नये, असं बालपोटविकारतज्ज्ञांचंच मार्गदर्शन आहे. मला आई म्हणून हायसं वाटलं.

ह्यांचं मात्र वेगळं निघालं. सासरे जठराच्या कर्करोगाने गेले. ही गोष्ट घरात फारशी बोलली जात नाही, त्या दिवशी केबिनमध्ये ती बोलली गेली. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला हा कर्करोग झालेला असेल, तर तपासणी करावी आणि जंतू असल्यास काढावा, हे नक्की. दक्षिण कोरियात अशाच नातेवाइकांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे नऊ वर्षांत औषध घेतलेल्यांपैकी १.२ टक्क्यांना कर्करोग झाला, न घेतलेल्यांपैकी २.७ टक्क्यांना. डॉक्टरांनी ह्यांचं वय आणि वडिलांचा इतिहास धरून थेट दुर्बीणच करायला सांगितली, आणि जठराच्या खालच्या व वरच्या दोन्ही भागांतून तुकडे घेतले.

रिपोर्ट यायला लागले तेवढे दिवस आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. जंतू निघाला. सूज खाली होती आणि वरही होती. पेशींचा प्रकार मात्र बदललेला नव्हता, ग्रंथी शाबूत होत्या. पुढे कधी पुन्हा दुर्बीण करायची ते कोर्स आणि फुंकण्याची टेस्ट झाल्यावर ठरेल.

पोळा झाल्यावर त्यांचा कोर्स सुरू केला. माझ्या वेळी केलेला गोळ्यांचा तक्ता फ्रिजवर पुन्हा लावला आहे, आणि सासूबाई दही कधी द्यायचं ते घड्याळ बघून ठरवतात.